‘जाऊ का बघायला?’ या प्रश्नाचं उत्तर लिहिताना

रायपुरात मराठी चित्रपट पाहुण्यासारखा येतो. एखाद्या मॉलमध्ये दिवसाला एक खेळ, तोही कधी सकाळी साडेदहाला, कधी दुपारी अडनिड्या वेळी. शुक्रवारी आलेला पाहुणा पुढच्या शुक्रवारपर्यंत मुक्काम करेलच असं नाही. म्हणून कुणी तो पाहून आलं की चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात, तात्यापाऱ्यातल्या एखाद्या ओट्यावर आणि रात्री घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न येतो : “कसा आहे? जाऊ का बघायला?”

विचारणाऱ्याला वर्तमानपत्रातलं परीक्षण नको असतं. ते पुण्या-मुंबईच्या कुणीतरी लिहिलेलं असतं आणि त्याने बहुधा वाचलेलंही असतं. तुम्ही त्याला ओळखता, त्याच्या घरी कोण कोण आहे ते तुम्हाला ठाऊक असतं, म्हणून तो तुम्हाला विचारतो. अशा ओळखीतल्या, घरगुती परीक्षणाबद्दल हा लेख आहे. गेली काही वर्षं मी महिन्याभरात पाहिलेल्या चार-पाच चित्रपटांवर थोडं थोडं लिहून ओळखीच्या पंचवीस-तीस घरांत पाठवते. त्यातून जे कळत गेलं ते इथे मांडते. तुम्हीही लिहावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सगळ्यात आधी, त्याच रात्री लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या डोक्यात आपलं मत उरत नाही. कुणाचा तरी व्हिडिओ पाहिलेला असतो, कमाईचा आकडा कानावर पडलेला असतो, शेजारच्या वहिनी काहीतरी बोललेल्या असतात. मी मॉलमधून घरी येताना ऑटोत बसल्या बसल्याच मोबाईलवर तीन गोष्टी टिपून ठेवते. कोणतं दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे? घड्याळाकडे कधी पाहिलं? आणि बाहेर पडल्यावर कुणाला फोन करावासा वाटला? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात उपयोगाचं ठरतं, कारण परीक्षण त्याच माणसासाठी लिहायचं असतं.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. ‘स्थळ’ हा जयंत दिगंबर सोमलकर यांचा चित्रपट मार्च २०२५ मध्ये आला. चंद्रपूर जिल्ह्यातलं गाव, कापूस पिकवणारा बाप, शिकणारी आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी सविता, आणि तिला ‘बघायला’ येणारी एकामागून एक माणसं. भूमिका बहुतेक त्या भागातल्याच, पूर्वी कॅमेऱ्यासमोर न आलेल्या लोकांनी केल्या आहेत. मी तो घरी टीव्हीवर पाहिला आणि भारावून जाऊन लिहिलं : ‘विदर्भातल्या गावाची साधी, सुंदर गोष्ट. वऱ्हाडी ऐकायला गोड वाटते. सगळ्यांनी पाहा.’ माझ्या ओळखीच्या एका काकूंनी तो मुलीला शेजारी बसवून पाहिला. त्या मुलीसाठी तेव्हा तीन वर्षांपासून स्थळं बघत होते. नागपूरहून, अमरावतीहून माणसं यायची आणि दोन आठवड्यांनी नकार कळायचा. पडद्यावर तोच पाट, तेच पोहे, उंची किती, रंग कसा, पुन्हा पुन्हा तेच प्रश्न. मुलगी मध्येच उठून आत गेली. काकूंनी मला दुसऱ्या दिवशी एवढंच म्हटलं, “अगं, आधी सांगायचंस ना.”

चित्रपटात काहीच दोष नव्हता. तेच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवणं हीच त्याची ताकद आहे. दोष माझ्या चार ओळींत होता. मी गावाचं आणि बोलीचं कौतुक केलं आणि हा चित्रपट नेमका कुठे दुखावतो ते सांगितलंच नाही. तेव्हापासून प्रत्येक परीक्षणात मी एक ओळ आवर्जून लिहिते : हा चित्रपट कशाला हात घालतो. आजारपण, मुलाचा मृत्यू, नवऱ्याची मारहाण, म्हाताऱ्या आईबापांना एकटं टाकणं, लग्न न जमणं. कथा उघड न करताही हे सांगता येतं. त्या काकूंना मी आज ‘स्थळ’बद्दल लिहिलं असतं तर असं लिहिलं असतं : ‘बघण्याच्या कार्यक्रमांवर आहे. अतिशय खरा आहे, म्हणूनच तो सोसवणार का ते ठरवून बसा. ज्यांच्या घरी मुलगा आहे त्यांनी मात्र नक्की पाहा.’ शेवटचं वाक्य मला विशेष महत्त्वाचं वाटतं. या चित्रपटाची गरज मुलीकडच्यांपेक्षा मुलाकडच्यांना जास्त आहे.

सगळ्या प्रकारच्या चित्रपटांना एकच फूटपट्टी लावली की परीक्षण शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखं होतं : अभिनय उत्तम, संगीत श्रवणीय, छायाचित्रण सुंदर, कथा ठीक. असं लिहिलेलं मी शंभर वेळा वाचलंय, आणि त्यावरून कुणी तिकीट काढल्याचं मला आठवत नाही. अभिनयाबद्दल लिहायचं तर एक क्षण लिहा. दल्ली राजहराच्या परिसरात चित्रित झालेला ‘न्यूटन’ (२०१७) घ्या. पंकज त्रिपाठी चांगले अभिनेते आहेत हे सांगायला आपली गरज नाही. पण त्यांचा आत्मासिंह न्यूटनच्या हातात बंदूक देतो आणि तिचं वजन त्याला जाणवू देतो, तेव्हा दोघांमधलं सगळं भांडण त्या एका वजनात उतरतं. एवढं लिहिलंत की वाचणाऱ्याला चित्रपटाचा पोत कळतो.

रहस्यपटाची अडचण सगळ्यांना माहीत असते, तरी सगळे तिथेच घसरतात. परेश मोकाशी यांचा ‘वाळवी’ जानेवारी २०२३ मध्ये आला आणि सत्तराव्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. नवरा आणि त्याची प्रेयसी मिळून बायकोचा काटा काढायचा बेत आखतात, असा की ती आत्महत्या वाटावी. एवढं सांगता येतं, कारण ते सुरुवातीलाच कळतं. मी पाळते तो नियम साधा आहे : पहिल्या वीस मिनिटांपर्यंत जे घडतं ते लिहायचं, त्यापुढचं नाही. ‘शेवटी मोठा धक्का आहे’ असंही लिहायचं नाही. कारण एकदा ते वाचलं की माणूस पूर्ण वेळ धक्क्याची वाट पाहत बसतो आणि समोरचं पाहायचं राहून जातं. त्याऐवजी चव सांगावी. ‘वाळवी’त माणसं मरणाच्या गोष्टी किराणा मालाच्या यादीसारख्या बोलतात, हसू येतं आणि आपण हसलो याचं वाईटही वाटतं. ज्यांना अशा गोष्टीवर हसायला आवडत नाही, त्यांनी जाऊ नये. माझ्या आत्याला अजिबात आवडला नाही, आणि तिचं कारण योग्य होतं.

विनोदी चित्रपटाबद्दल लिहिताना हॉलमध्ये कोण हसलं ते पाहा. ‘नाच गं घुमा’ मे २०२४ मध्ये आला. मुक्ता बर्वे नोकरी करणारी गृहिणी, नम्रता संभेराव तिच्याकडे कामाला येणारी आशाताई. मी माझ्याकडे काम करणाऱ्या बाईंना सोबत घेऊन गेले. त्या छत्तीसगडी बोलतात, मराठी निम्मंशिम्मं कळतं. आशाताई उशिरा येते आणि कारण सांगते तिथे मी आणि आजूबाजूच्या बायका खळखळून हसलो. माझ्या शेजारी बसलेल्या त्या एकट्या गंभीर होत्या. पुढे मालकीणबाईंची एकटीने कामं उरकताना त्रेधा उडते तिथे त्या मनसोक्त हसल्या. मी परीक्षणात दोन्ही लिहिलं. त्या महिन्यात ज्या चार घरांतून मला उत्तरं आली, त्यांतल्या तीन घरांनी याच वाक्याबद्दल लिहिलं होतं. विनोद कुणाच्या बाजूने उभा आहे हे दुसऱ्या माणसाशेजारी बसल्याशिवाय कळत नाही. तशी संधी मिळाली तर सोडू नका.

भयपटाबद्दल थोडक्यात. भीतीची जात सांगा. दचकवणारी, रक्त दाखवणारी, की हळूहळू अंगावर चढत जाणारी? आणि कितव्या वर्षाच्या मुलाला नेता येईल ते स्पष्ट लिहा, कारण आईवडील तेवढंच शोधत असतात. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ साली आला तेव्हा फारसा चालला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. त्याच्याबद्दल मी लिहिलं होतं : ‘तिसऱ्या जातीची भीती. सतत पाऊस, आणि पावसाइतकीच न थांबणारी हाव. दहा-बारा वर्षांच्या आतल्या मुलांना नको. मोबाईलवर पाहू नका, अर्धा चित्रपट अंधारात आहे, काहीच दिसणार नाही.’ हे शेवटचं तांत्रिक वाटेल, पण आपण कुठे आणि कशावर पाहिला ते लिहिणं हा प्रामाणिकपणाचाच भाग आहे. स्वयंपाक करता करता ओट्याजवळ मोबाईल टेकवून पाहिलेला चित्रपट ‘संथ आहे’ म्हणून मोडीत काढायचा अधिकार आपल्याला नाही. अर्ध्यावर सोडला असेल तर तसं लिहा. ‘पन्नास मिनिटांनंतर बंद केला’ हेही वाचणाऱ्याला उपयोगी पडतं.

ऐतिहासिक चित्रपटावर लिहिताना मात्र मला सगळ्यात जास्त कष्ट पडतात, आणि बहुतेक मराठी माणसांना पडतील. लक्ष्मण उतेकर यांचा ‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ ला आला. छत्तीसगड सरकारने तो करमुक्त केला, रायपुरात गर्दी झाली. मी गेले त्या खेळाला शेवटी माणसं उभी राहिली होती आणि पुढच्या रांगेतला एक मुलगा रडत होता. अशा वेळी परीक्षण लिहायला बसलं की हात अडखळतो. संभाजी महाराजांबद्दलचा आदर आणि चित्रपटाबद्दलचं मत या दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात. चित्रपटाला नावं ठेवली तर महाराजांना ठेवल्यासारखं वाटतं, आणि वाचणाऱ्यालाही तसंच वाटण्याची भीती असते.

मी यावर एक वाट काढली आहे, ती तुम्हालाही चालते का बघा. दोन परिच्छेद वेगळे करायचे. पहिल्यात मला काय वाटलं ते लिहायचं, हातचं न राखता. ‘शेवटचा अर्धा तास मी पडद्याकडे सलग पाहू शकले नाही, खाली फरशीकडे पाहत होते. घरी येऊन कुणाशी बोलावंसं वाटलं नाही.’ दुसऱ्यात चित्रपट कसा बांधला आहे ते लिहायचं. ‘पहिल्या भागात लढाईमागून लढाई येते, मधे माणूस म्हणून संभाजी फार थोडा दिसतो. येसूबाईंना दृश्यं कमी आहेत. विकी कौशल शेवटी जो उभा राहतो तो आवाजापेक्षा डोळ्यांनी. छळाची दृश्यं लांब आहेत, लहान मुलांना आणि नाजूक तब्येतीच्या माणसांना नेऊ नका.’ दोन्ही परिच्छेद खरे होते. वाचणाऱ्या एका आजोबांनी मला फोन करून दुसऱ्या परिच्छेदाबद्दल चांगलंच सुनावलं, आणि मग नातवाला न्यायचं की नाही ते विचारलं. म्हणजे लिहिलेलं पोहोचलं होतं.

आपल्या माणसांचं काम आहे म्हणून गोड लिहायचं, हा मोह परमुलखातल्या मराठी माणसाला जास्त होतो. इतक्या लांब मराठी चित्रपट आला आहे, त्याला कशाला नावं ठेवायची? मला हे कळतं, माझंही मन तसंच म्हणतं. पण आपल्याच शहराशी जोडलेलं एक नाव अशा वेळी मला आठवतं. माधवराव सप्रे मराठी घरातले. त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. ते तीनच वर्षं चाललं, पण त्यात त्यांनी नव्या पुस्तकांची सविस्तर परीक्षणं छापली, गुण आणि दोष दोन्ही दाखवणारी. हिंदीत समीक्षेची पायाभरणी करणाऱ्यांत त्यांचं नाव घेतात. पुढे त्यांनी टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत आणलं, आणि १९२६ साली रायपुरातच त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाच्या शाळेवरून आपण रोज जातो. एका लहान गावातून, मोजक्या वाचकांसाठी निघणाऱ्या मासिकातही त्यांनी पुस्तकाला पुस्तक म्हणून तोललं. आपण पंचवीस घरांसाठी लिहितो. पंचवीस घरांनी तिकिटाचे पैसे आणि रविवार आपल्या शब्दावर खर्च करायचा असतो. कमकुवत चित्रपटाला चांगला म्हटलं तर पुढच्या वेळी खरोखर चांगला आला तरी कुणी जाणार नाही, आणि तो मॉलवाला मराठीचा एकुलता खेळही काढून टाकेल.

इथे मला आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. रायपूरचे आपण मराठी लोक हिंदी पाहतो, मराठी पाहतो, मुलं दक्षिणेतले आणि इंग्रजी पाहतात. छत्तीसगडी चित्रपट मात्र आपल्या यादीत जवळजवळ नसतो. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून, भाजीवालीशी त्याच भाषेत बोलूनही. मनु नायक यांचा ‘कहि देबे संदेस’ हा पहिला छत्तीसगडी चित्रपट १९६५ चा. जातीबाहेरच्या प्रेमाची गोष्ट, आणि त्यात मोहम्मद रफींनी छत्तीसगडीत गायलं आहे. सतीश जैन यांचा ‘मोर छइंहा भुइंया’ २००० साली, राज्य जन्माला येत होतं त्याच दिवसांत लागला आणि टॉकीजवर रांगा लावून गेला. मनोज वर्मा यांच्या ‘भूलन द मेझ’ला सर्वोत्कृष्ट छत्तीसगडी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. संजीव बख्शी यांच्या कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट. भूलन कांदा नावाच्या वनस्पतीवर पाय पडला की माणूस रानात वाट विसरतो, अशी इथली समजूत आहे. चित्रपटात वाट विसरलेली असते ती कोर्टकचेरीची सगळी व्यवस्था. ‘पीपली लाइव्ह’मधला नत्था, ओंकारदास माणिकपुरी, यात आहेत.

मी तो पाहिला तेव्हा लिहिलं : ‘काही ठिकाणी लांबतो, मधली गाणी मला जास्त वाटली. पण गाव एकमेकांसाठी जे करतं ते पाहून आपल्या कॉलनीचा विचार मनात आला. भाषा ऐंशी टक्के सहज कळते.’ शेवटचं वाक्य वाचून दोन घरं गेली. तेव्हा दर महिन्याच्या तुमच्या परीक्षणांत एक तरी छत्तीसगडी चित्रपट असू द्या. आपण पाहुणे म्हणून राहत नाही इथे.

भाषेवरून आठवलं. आपल्या बहुतेक घरांत आता एक तरी सून, जावई किंवा नातवंड असं आहे ज्याला मराठी वाचता येत नाही किंवा पडद्यावरचं भरभर बोलणं झेपत नाही. म्हणून मराठी चित्रपटाबद्दल लिहिताना खाली इंग्रजी अक्षरं येतात की नाही ते नक्की लिहा. ती एक माहिती नसल्यामुळे कुटुंबच्या कुटुंब जायचं टाळतं. आणि तुमचं स्वतःचं लिखाण कोणत्या मराठीत असावं? तुम्ही बोलता त्या. आपल्या मराठीत नागपूर आहे, हिंदी आहे, थोडी छत्तीसगडी आहे. ‘हिरो पूर्ण वेळ पळूनच राहिला’ असं वाक्य मला एका काकांनी पाठवलं होतं. त्या थरारपटाबद्दल याहून नेमकं मी काही लिहू शकले नसते. पुण्याची मराठी लिहायचा प्रयत्न केला की आपण मोजून-मापून, घाबरत लिहितो आणि मत हरवून बसतो.

लांबी दीडशे शब्दांच्या आत ठेवा, मोबाईलवर एकदा बोट फिरवून संपेल एवढी. तारे देऊ नका. साडेतीन तारे म्हणजे काय ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही. मी शेवटी तीनपैकी एक शब्द लिहिते : ‘हॉलमध्ये’, ‘घरी’ किंवा ‘सोडा’. ‘घरी’ म्हणजे वाईट नव्हे. ‘स्थळ’ घरी शांतपणे, मुलाला शेजारी बसवून पाहायचा चित्रपट आहे. ‘तुंबाड’ हॉलमध्येच. ‘सोडा’ लिहिताना मी नेहमी एक कारण देते आणि कुणाला तरीही आवडू शकेल ते लिहिते. चित्रपट करणाऱ्यांनी वर्ष-दोन वर्षं त्यात घातलेली असतात, तेवढा मान त्यांना द्यायला हवा.

आणि उत्तरं मागा. ‘तुम्हाला कसा वाटला ते कळवा’ एवढं वाक्य पुरतं. माझ्या यादीतल्या एका आजींना लिहिता येत नाही, डोळे अधू झालेत. त्या आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. प्रत्येक चित्रपटात कुणी जेवलं, काय जेवलं, हे त्यांना आधी आठवतं. ते ऐकल्यापासून मीही पडद्यावरची ताटं बघू लागले आहे.

या शनिवारी तुम्ही जो चित्रपट पाहाल, हिंदी असो, मराठी, छत्तीसगडी किंवा आणखी कुठला, त्यावर झोपण्याआधी लिहा. कुणासाठी लिहिताय ते नाव मनात ठेवा आणि रात्रीच पाठवून द्या. रविवारचा खेळ सकाळी साडेदहाला असतो, त्याआधी त्या घरी निरोप पोहोचायला हवा.